बेथनी, हिंजवडी आणि एकत्र बसून ठरवायच्या गोष्टी

आमच्या घराच्या पत्त्यात पोर्टलंड लिहिलेलं असतं पण आम्ही पोर्टलंडमध्ये राहत नाही. मुलगी जाते ती शाळा बीव्हर्टन स्कूल डिस्ट्रिक्टची, पण आम्ही बीव्हर्टनमध्येही राहत नाही. आम्ही राहतो बेथनीला. नाव सगळ्यांना माहीत आहे, मॅपवर आहे, इंटेल आणि नायकेत काम करणारी भरपूर मराठी मंडळी इथे घरं घेऊन राहतात, पण बेथनी नावाचं शहर कायद्याने नाहीच आहे. महापौर नाही, सिटी कौन्सिल नाही, सिटी हॉल नाही. आम्ही थेट वॉशिंग्टन काउंटीत राहतो, म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा (आणि हे ऑरेगन राज्य बरं का, वॉशिंग्टन नावाचं राज्य नदीपलीकडे आहे). पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ, आग लागली तर ट्वालॅटिन व्हॅली फायर अँड रेस्क्यू, ड्रेनेज क्लीन वॉटर सर्व्हिसेसकडे, बागा आणि स्विमिंग पूल ट्वालॅटिन हिल्स पार्क डिस्ट्रिक्टकडे, बस ट्रायमेटची. यातल्या प्रत्येकाची हद्द वेगळी आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की त्यात इतक्या ओळी असतात की पहिल्या वर्षी वाचायलाच वेळ लागतो.

हे सगळं मी पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, "अगं मग हे हिंजवडीच झालं की." आणि खरंच, कागदावर बघितलं तर तसंच आहे. मी इकडे यायच्या आधी वाकडला राहायचे आणि हिंजवडीला कामाला जायचे, वाकड पिंपरी चिंचवड महापालिकेत, हिंजवडी मुळशी तालुक्यात ग्रामपंचायतीत, आयटी पार्कचे रस्ते एमआयडीसीचे, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मधला हायवे एनएचएआयचा, बस पीएमपीएमएलची, शाळा झेडपीची. तिथेही महानगर आहे पण शहर नाही, इथेही तेच. मग इथे रस्ता घरांच्या आधी किंवा निदान घरांबरोबर येतो आणि तिथे घरं आणि ऑफिसं आधी येऊन लोक दोन दोन तास अडकतात, असं का? पैसा हे उत्तर सगळे देतात, ते अर्धंच आहे असं मला वाटतं. इथल्या मीटिंगांना जायला लागल्यापासून माझं मत असं झालंय की घरं कुठे होणार आणि रस्ते, बस, रेल्वे कुठे जाणार हे दोन्ही प्रश्न इथे एकाच माणसांच्या समोर एकाच वेळी येतात, आणि त्या माणसांना आपण मत देऊन निवडतो किंवा घरी पाठवतो. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून आल्या.

थोडा इतिहास सांगते कारण त्याशिवाय कळत नाही. १९७३ मध्ये ऑरेगनच्या विधिमंडळाने सिनेट बिल १०० मंजूर केलं. टॉम मॅकॉल गव्हर्नर होते, रिपब्लिकन, आणि बिलामागे सगळ्यात जास्त राबलेले हेक्टर मॅकफर्सन नावाचे सिनेटर हे स्वतः डेअरीवाले शेतकरी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे असं वाटतं की शेतजमीन वाचवायची गोष्ट शहरातले पर्यावरणवाले करतात आणि शेतकऱ्याला फक्त जमीन विकायची असते. विलॅमेट व्हॅलीची माती सोन्यासारखी आहे, हेझलनट, बेरी, गवताचं बी, द्राक्षं काय हवं ते येतं, आणि तिथे प्लॉटिंग पडायला लागलं तेव्हा हे शेतकरीच उठले. कायद्याने काय केलं तर प्रत्येक शहराने आणि प्रत्येक काउंटीने प्लॅन करायचाच, राज्याने ठरवलेल्या उद्दिष्टांप्रमाणे करायचा, आणि एकमेकांशी जुळवून करायचा. तेव्हाच्या राज्यव्यापी उद्दिष्टांची आज संख्या १९ आहे, १४ नंबरचं शहरीकरणाचं, १२ नंबरचं वाहतुकीचं, आणि १ नंबरचं कुठलं माहितीये? नागरिकांचा सहभाग.

त्यातूनच अर्बन ग्रोथ बाउंड्री आली, इथे सगळे यूजीबी म्हणतात. शहराभोवती एक रेषा, आत बांधकाम, बाहेर शेती आणि जंगल. पोर्टलंडच्या भोवतीची रेषा एका शहराची नाहीये, तीन काउंट्या (मल्टनोमा, वॉशिंग्टन, क्लॅकमस) आणि २४ शहरं यांची मिळून एक रेषा आहे आणि ती सांभाळते मेट्रो नावाची संस्था. ही मेट्रो म्हणजे रेल्वे नव्हे, हे एक प्रादेशिक सरकार आहे, १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून मंजूर केलं आणि १९७९ पासून चालू झालं. एक अध्यक्ष आणि सहा कौन्सिलर, सगळे थेट निवडून येतात, अमेरिकेत थेट निवडून आलेलं असं प्रादेशिक सरकार हे एकच आहे. दर सहा वर्षांनी मेट्रोला हिशोब मांडावा लागतो की पुढच्या २० वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जागा रेषेच्या आत आहे का, नसेल तर रेषा सरकवायची किंवा आतल्या जागेत जास्त घरं बसवायची. आणि हीच मेट्रो वाहतुकीचा प्रादेशिक आराखडाही करते आणि फेडरल सरकारकडून येणाऱ्या वाहतुकीच्या पैशाचं वाटपही इथूनच ठरतं. त्यासाठी जेपॅक्ट नावाची समिती आहे, तिच्यात काउंट्यांचे कमिशनर, शहरांचे महापौर, ट्रायमेट, राज्याचं वाहतूक खातं असे सगळे बसतात. भांडतात पण बसतात.

याचा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर मॅक्सच्या ब्लू लाइनने पोर्टलंडहून हिल्सबरोला या. मॅक्स म्हणजे आमची लाइट रेल. तिची पहिली लाइन १९८६ ची, पोर्टलंड ते ग्रेशम, आणि तिची कथा भारी आहे. माउंट हूड फ्रीवे नावाचा एक मोठा रस्ता पोर्टलंडच्या आग्नेय भागातली वस्ती पाडून जाणार होता. लोक उभे राहिले आणि १९७४ मध्ये काउंटी आणि शहर दोघांनीही पाठिंबा काढून घेतला, आणि फेडरल कायद्यात तेव्हा नुकतीच सोय झाली होती की रद्द केलेल्या फ्रीवेचा पैसा सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता येईल, त्यातला बराच पैसा मग या लाइनला लागला. शहर एकटं नको म्हणालं असतं आणि काउंटी रस्ता हवाच म्हणून अडून बसली असती तर हे झालं नसतं.

पश्चिमेची लाइन १९९८ ला आली, डोंगरातून बोगदा काढून. वॉशिंग्टन पार्क स्टेशन जमिनीखाली २६० फूट आहे, पाहुणे आले की मी आवर्जून तिथे उतरवते. पण मला बोगद्यापेक्षा याच लाइनवरचं हिल्सबरोतलं ओरेंको स्टेशन जास्त आवडतं. लाइन ठरत होती तेव्हा ओरेंकोच्या आजूबाजूला बरीच जमीन मोकळी पडून होती, पूर्वी तिथे रोपवाटिकेच्या कंपनीचं गाव होतं. रूळ पडायच्या आधी हिल्सबरो शहर, मेट्रो, ट्रायमेट यांनी बसून झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम) बदललं, की स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात दाट घरं, खाली दुकानं, छोटे रस्ते. आज तिथे आजी आजोबा भारतातून आले की त्यांना गाडी चालवता येत नसली तरी एकट्याने लायब्ररी, दुकान, ट्रेन सगळं जमतं, आणि अमेरिकेत ज्यांचे आईवडील सहा महिने राहून गेलेत त्यांना विचारा ही किती मोठी गोष्ट आहे. माझे सासरे बेथनीत आमच्याकडे कंटाळून जातात, तेच ओरेंकोला राहणाऱ्या मित्राकडे खुश असतात.

त्याच काळात उलटा प्रस्ताव पण होता, वेस्टर्न बायपास. दक्षिणेला आय-५ पासून थेट हिल्सबरोजवळ हायवे २६ पर्यंत, बराचसा यूजीबीच्या बाहेरून, शेतांमधून. वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ऑरेगन या संस्थेने नुसता विरोध केला नाही, त्यांनी आकडेमोड करून दुसरा पर्याय मांडला की घरं आणि नोकऱ्या रेल्वेच्या कडेने बसवल्या तर गाड्यांच्या फेऱ्या किती कमी होतील. नव्वदच्या दशकात बायपास मागे पडला. आजही हायवे २१७ वर ट्रॅफिक तुंबलं की ऑफिसात कोणीतरी म्हणतंच की बायपास हवा होता. मला नाही पटत. तो रस्ता झाला असता तर आज त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या असत्या, त्या कॉलन्यांची ट्रॅफिक त्याच रस्त्यावर असती आणि दुसऱ्या बायपासची चर्चा चालू असती. पुण्यात कात्रज देहूरोड बायपासचं काय झालं ते आपण बघितलंय, गावाबाहेरून जाणारा रस्ता आता शहराच्या मधोमध आलाय.

आता सगळं छान छान आहे असं अजिबात नाही. डमॅस्कसचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये मेट्रोने यूजीबी एकदम मोठी सरकवली, त्यात क्लॅकमस काउंटीतला डमॅस्कसचा मोठा भाग आत घेतला. २००४ मध्ये तिथल्या लोकांनी स्वतःचं शहर स्थापन केलं, जेणेकरून प्लॅन आपल्या हातात राहील. पण डोंगराळ जमीन, ड्रेनेज नाही, रस्ते गावातले, खर्च कोणी करायचा यावर एकमत होईना, बऱ्याच लोकांना मुळात शहरीकरण नकोच होतं, आराखडे येत राहिले आणि मतदानात पडत राहिले, आणि शेवटी २०१६ मध्ये लोकांनी शहरच विसर्जित करायला मत दिलं. नकाशावर रेषा सरकवली म्हणून तिथे घरं होत नाहीत. पाइप कोण टाकणार, रस्ता कोण रुंद करणार, पैसे कोणाच्या टॅक्समधून, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना ते हवंय का, एवढं ठरल्याशिवाय रेषेला अर्थ नाही.

आमचं नॉर्थ बेथनीसुद्धा त्याच २००२ च्या विस्तारातलं. सुमारे ८०० एकर, स्प्रिंगव्हिल रोडच्या उत्तरेला. पण इथे गोष्ट वेगळी झाली, कारण वॉशिंग्टन काउंटीने स्वतः शहरासारखं काम अंगावर घेतलं. आधी कन्सेप्ट प्लॅन, कुठे शाळा, कुठे बाग, कुठून पायवाट, ओढ्याच्या कडेला किती जागा सोडायची, आणि रस्त्यांच्या पैशाची सोय आधी. त्यासाठी काउंटीभरातल्या नवीन बांधकामावर ट्रान्सपोर्टेशन डेव्हलपमेंट टॅक्स आहे, लोकांनीच २००८ मध्ये मतदानाने मंजूर केलेला, शिवाय १९८६ पासून चालत आलेला एमस्टिप नावाचा मोठ्या रस्त्यांचा कार्यक्रम आहे जो प्रॉपर्टी टॅक्समधून चालतो आणि ज्याच्या कामांची यादी काउंटी आणि शहरं मिळून ठरवतात, आणि नॉर्थ बेथनीपुरता रस्त्यांसाठी वेगळा सर्व्हिस डिस्ट्रिक्ट आहे म्हणजे तिथे घर घेणारा थोडा जास्त टॅक्स भरतो. शेजाऱ्यांच्या कुरकुरी ऐकू येतात यावर. पण मी म्हणते निदान कळतंय तरी की हा फुटपाथ कोणत्या पैशातून झाला.

काउंटी आणि शहर यांच्यात लेखी करार असतात, अर्बन प्लॅनिंग एरिया अॅग्रीमेंट. शहराच्या हद्दीबाहेरचा पण पुढे मागे शहरात येऊ शकेल असा पट्टा कोण प्लॅन करणार, कोणी कोणाला कधी कळवायचं, कोणाच्या नियमाने रस्ता बांधायचा हे त्यात असतं. वाचायला अतिशय रुक्ष कागद आहे, मी दोन वाचले. पण साउथ हिल्सबरो त्यातूनच उभं राहिलंय. ८,००० घरांचा प्लॅन, जमीन यूजीबीत घेतली, हिल्सबरोने हद्दीत घेतली, आणि ट्वालॅटिन व्हॅली हायवे राज्याचा, कॉर्नेलियस पास रोड काउंटीचा, आतले रस्ते शहराचे, मधून रेल्वेलाइन. कॉर्नेलियस पास रोड दक्षिणेला वाढवून आत नेला तेव्हा या सगळ्यांच्या सह्या लागल्या असतील. आणि नायकेचं कॅम्पस, ते चारी बाजूंनी बीव्हर्टनने वेढलेलं आहे पण बीव्हर्टनमध्ये नाही. शहराने हद्दीत घ्यायचा प्रयत्न केला तर २००५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ३५ वर्षांसाठी ते थांबवलं. हे मला आवडत नाही, स्पष्टच सांगते, आजूबाजूचं शहर ज्यांच्यामुळे गजबजतं त्यांनी शहराच्या तिजोरीतही वाटा द्यावा.

सगळ्यात जवळचा प्रश्न माझ्या रोजच्या रस्त्यावरचा. नॉर्थ बेथनीच्या कडेला मल्टनोमा काउंटीची हद्द लागते. हद्दीच्या अलीकडे रांगेत नवीन घरं, पलीकडे एकदम शेत आणि झाडी, दृश्य खरंच बघण्यासारखं आहे. पण पोर्टलंडच्या उत्तरेकडे कामाला जाणारे लोक डोंगरातल्या जर्मनटाउन रोडने जातात, अरुंद, वळणावळणाचा, कडेला सायकलला जागा नाही, हरणं येतात. घरं वाढली वॉशिंग्टन काउंटीत, टॅक्स आला वॉशिंग्टन काउंटीला, आणि गाड्या गेल्या मल्टनोमाच्या ग्रामीण रस्त्यावर. एका काउंटीने कितीही चांगला प्लॅन केला तरी गाडी हद्दीवर थांबत नाही. मेट्रो असूनही हा प्रश्न सुटलेला नाही. नदीपलीकडे तर वेगळं राज्यच आहे, क्लार्क काउंटी, तिथे मेट्रोची रेषा लागू नाही, हजारो लोक तिथून रोज पुलावरून येतात, त्या इंटरस्टेट ब्रिजचा एक भाग १९१७ चा आणि दुसरा १९५८ चा, आणि नवीन पुलाचा आधीचा प्रयत्न २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटने पैसे न दिल्याने बंद पडला होता.

आणि घरांच्या किमती. रेषेमुळे घरं महाग झाली असं म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचं सगळंच खोटं नाही, जागा मर्यादित ठेवायची आणि आत एका प्लॉटवर एकच घर असा नियम पण ठेवायचा, हे दोन्ही एकत्र चालू शकत नाही. २०१९ च्या हाउस बिल नंबर २००१ ने ते बदललं, आता मोठ्या शहरांत आणि आमच्यासारख्या काउंटीच्या शहरी भागातही जिथे एक घर चालतं तिथे डुप्लेक्स, टाउनहाउस, चार घरांची छोटी इमारत बांधता येते. माझ्या मते हे रेषेइतकंच महत्त्वाचं होतं आणि तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आता पुण्याकडे येते कारण मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलंय. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत कलम २४३ झेडई आहे, महानगर नियोजन समिती, तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडून आलेले हवेत. म्हणजे हिंजवडी, माण, मारुंजीचे सरपंच आणि पुणे, पिंपरी चिंचवडचे नगरसेवक एकत्र बसून ठरवतील अशी कल्पना घटनेतच आहे. प्रत्यक्षात कारभार पीएमआरडीएकडे, २०१५ ची स्थापना, अध्यक्ष मुख्यमंत्री. २०२१ ला तिचा प्रारूप विकास आराखडा आला, हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये तो रद्दच झाला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण त्या २३ गावांचा आराखडा करायचं काम पीएमआरडीएकडे दिलं गेलं, म्हणजे टॅक्स एकीकडे, नकाशा दुसरीकडे. २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षं महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, मग गाऱ्हाणं सांगायचं कोणाला? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला, हिंजवडी शिवाजीनगर मेट्रो रेल्वेला जागा करायला. पूल बांधताना मेट्रो कुठून जाणार हे ज्यांना विचारायचं ते कोणी एकत्र बसलेलेच नव्हते. चांगली उदाहरणं पण आहेत, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एक करून पीएमपीएमएल केली म्हणून आज निगडीहून कात्रजला एका पासवर जाता येतं. एकत्र येणं जमतं हे त्यावरून दिसतंच की.

हिंजवडी पिंपरी चिंचवड महापालिकेत घ्या ही मागणी मी समजू शकते, तिथे राहणारे लोक चिखलातून जातात. पण बेथनीत राहून मला असं वाटायला लागलंय की महापालिकेत गेल्याने सगळं सुटेल असं नाही, कारण पुढचं हिंजवडी आत्ता माण आणि मारुंजीच्याही पलीकडे उभं राहतंय आणि तिथेही आज ग्रामपंचायतच आहे. हद्द वाढवत किती वर्षं पळणार? त्यापेक्षा ती महानगर समिती घटनेत सांगितल्याप्रमाणे खरंच बसवा, तिच्या बैठका लोकांसमोर घ्या, आणि बांधकाम परवानगी व रस्त्याचा पैसा हे एकाच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणा. मैत्रीण आणि तिच्या सोसायटीतले लोक यावर सह्या गोळा करतायत, मी तिला इथले दोन तीन करार पाठवलेत, बघू त्यातलं काही तिथे लिहिता येतंय का.

आणि बेथनीत राहणाऱ्या मराठी लोकांसाठी. काउंटीने परिसरवार नागरिक गट केलेत, सीपीओ म्हणतात, आपला नंबर ७. तिथे रस्त्याची, झोनिंगची, नवीन कॉलन्यांची माहिती देतात, प्रश्न विचारता येतात, सिटिझन असायची गरज नाही, एच-१ वर असलात तरी चालतं. मी जाते तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर निवृत्त गोरी मंडळी असतात, फार चांगली आहेत, चाळीस चाळीस वर्षांचा इतिहास त्यांना पाठ आहे, पण नॉर्थ बेथनीत घर घेतलेले आपले लोक जवळपास दिसत नाहीत आणि रोज जर्मनटाउन रोडने गाडी चालवणारे आपणच आहोत. मेट्रोने २०२४ च्या डिसेंबरमध्ये शेरवुड वेस्टची सुमारे १,३०० एकर जमीन यूजीबीत घ्यायचा निर्णय घेतला, ते पण आपल्याच काउंटीत येतं. त्याच्याबद्दल मी काउंटीला लेखी म्हणणं पाठवलंय, की पहिल्या घराची चावी देताना तिथे बस चालू असली पाहिजे, आणि ट्वालॅटिन शेरवुड रोडवर किती गाड्या वाढतील त्याचा हिशोब शेजारच्या शहरांनाही आधी दाखवा. कोणाला तो मसुदा हवा असेल तर सांगा, आपापल्या शब्दांत बदलून पाठवता येईल.